मॅडमचं गाणं आणि घड्याळवाल्यांची दाद

एके काळी लातुरात फ्रेंच गाणं शिकवणाऱ्या बाया दोन होत्या. एक मॅडम, ज्यांना ते येत होतं. दुसरी मी, जिला येत नव्हतं. तरी आठवड्यातले तीन दिवस मीच शिकवत होते, कारण त्या दिवशी मॅडम नवऱ्याबरोबर जीपनं किल्लारीकडं जायच्या आणि मुलींचा सराव एकही दिवस चुकता कामा नये असा माझ्या क्लासचा नियम होता. नियम मीच केलेला, त्यामुळे निस्तरायचाही मलाच होता.

भूकंपाच्या पुढच्या वर्षाची ही गोष्ट. मॅडमचे यजमान इंजिनिअर. पडलेली गावं नव्या जागी उभी करायला जे परदेशी लोक आले होते त्यांच्यातले ते एक. लातुरात आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांनी बंगला भाड्यानं घेतला होता. मॅडम त्यांच्या देशात मोठ्या मुलामुलींना गाणं शिकवायच्या, म्हणजे ज्यांना गायकच व्हायचं आहे अशांना. इथे आल्यावर पहिले दोन-तीन महिने त्यांनी पत्र्याच्या शेडमधल्या बायकांना औषधं वाट, पोरांची नावं लिहून घे, असली कामं केली. मग एका संध्याकाळी रस्त्यानं जाताना त्यांना वरच्या मजल्यावरून पंधरा मुलींचा सा ऐकू आला आणि त्या सरळ जिना चढून वर आल्या. चपला बाहेर काढल्या, भिंतीला टेकून बसल्या. नेमक्या तडकलेल्या भिंतीला टेकल्या.

ती भिंत भूकंपात माळ्यापासून दिव्याच्या बटणांपर्यंत उभी चिरली होती. आम्ही सगळ्या तिच्यापासून चार हात लांब बसायचो. रस्त्यावरून उसाचा ट्रक गेला की पंधराच्या पंधरा मुली सा अर्धवट टाकून वर पंख्याकडं बघायच्या. पंखा हलला नाही की खाली बघून पुन्हा सा. त्या दिवशीही ट्रक गेला, सगळ्यांनी वर बघितलं, आणि मी बघते तर मॅडमही वर बघत होत्या. तेवढ्यावर मला त्या आवडल्या. किल्लारीकडं राहून आलेलं माणूस ओळखायची ती खूणच होती.

मॅडमचं इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं होतं, त्यामुळे आमचं छान जमलं. त्या म्हणाल्या, मला या मुलींना माझ्या देशाची गाणी शिकवायची आहेत. कुठली, असं मी विचारलं. चांगल्या कवींच्या कविता, चांगल्या संगीतकारांनी चाली लावलेल्या, दिवाणखान्यात चार जाणकारांपुढं गायच्या. मी म्हटलं, समजलं, भावगीत. त्यांना वाटलं मला समजलं. मलाही तसंच वाटलं. पुढचे चार-पाच महिने आम्ही दोघी त्याच गैरसमजावर सुखानं काढले.

पहिल्याच दिवशी मी त्यांचा पाहुणचार म्हणून तानपुऱ्याची पेटी सुरू केली. मॅडमनी हसून ती बंद केली. मला वाटलं, चुकून हात लागला. पुन्हा लावली. त्यांनी पुन्हा बंद केली. तिसऱ्यांदा मात्र त्यांनी माझा हातच धरला आणि सांगितलं की या गाण्यात सूर घर बदलत जातो, एका जागी बसत नाही. मी मुलींना मराठीत समजावलं, "यांच्यात सा ठरलेला नसतो." मुली अशा काही घाबरल्या की जणू मी पंखाच काढून टाकतेय असं म्हटलं होतं.

दुसरी अडचण बाजाच्या पेटीची. आपली पेटी गाणाऱ्याच्या मागं अर्धं पाऊल चालते, गाणारा वळेल तिकडं वळते. मॅडमच्या गाण्यात वाद्य आधी सुरू होतं, मध्ये आपलंच काही बोलतं आणि गाणारी गप्प झाली तरी वाजत राहतं. देगलूरची एक मुलगी होती, घरी तेलुगू बोलणारी, तोंडानं फटकळ. ती म्हणाली, "बाई, आमचं झालं तरी ह्या का वाजवून ऱ्हायल्या?" मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, कारण गाणं अजून संपलेलं नाही. मुलगी म्हणाली, "मग आमी काय करायचं तवर?" मॅडम म्हणाल्या, उभं राहायचं. नुसतं उभं राहायचं हे एकीला सोडून आमच्या मुलींना शेवटपर्यंत जमलं नाही. एक ओढणी नीट करायची, एक मला डोळ्यानं विचारायची की जाऊ का.

शिकायची त्यांची रीत मात्र अस्सल लातूरची होती. गाणं देवनागरीत उतरवून घेतलं, प्रत्येक ओळीला नंबर टाकला, महत्त्वाच्या ओळीखाली लाल रेघ. "बाई, ह्ये परीक्षेला येतंय का?" हा पहिला प्रश्न. येत नाही म्हटल्यावर, "मग किती मार्काचं हाय?" हा दुसरा. एकीनं तर मॅडमना विचारलं की मागच्या पाच वर्षांत कोणकोणती गाणी येऊन गेली आहेत. मॅडमना वाटलं, ही फ्रान्समधल्या मैफलींची चौकशी करतेय. त्यांनी बिचारीनं अर्धा तास मनापासून माहिती दिली. मुलीनं ती सगळी लिहून घेतली आणि खाली रेघ मारली.

त्यात पोरींचा काही दोष नव्हता. गावाची हवाच तशी झाली होती. भूकंपानं माझ्या क्लासची एक भिंत तडकवली, पण क्लास रिकामा केला तो कोचिंगनं. ज्या मोकळ्या प्लॉटवर कालपर्यंत म्हशी बसायच्या तिथं पत्रे टाकून फिजिक्सचे सर उभे राहिले. चौकाचौकात गुणवत्ता यादीतल्या पोरांचे फोटो लागले, आणि त्या फोटोतलं एकही पोर हसत नव्हतं. दहावीची परीक्षा संपली की चौथ्या दिवशी व्हेकेशन बॅच. दरवर्षी एप्रिलमध्ये माझ्याकडं आया यायच्या, पेढे द्यायच्या आणि म्हणायच्या, "बाई, दोन वर्षांचाच प्रश्न हाय. बारावी झाली की येतीच की परत." मी पेढा खायची आणि हसून बरं म्हणायची. परत कुणी आलं नाही. एकही नाही. माझं माहेर नांदेडचं, तिथं माझ्या गुरुजींकडं बारा वर्षं शिकले, लग्नात माहेरून दागिन्यांच्या आधी पेटी घेऊन आले. मला या आयांचा राग यायचा. खरं सांगायचं तर पेढ्यांचाही यायचा.

म्हणून त्या वर्षी मी मनाशी ठरवलं होतं की घड्याळवाल्यांची मुलगी काही झालं तरी जाऊ द्यायची नाही.

तिचे वडील गंजगोलाईजवळ घड्याळं दुरुस्त करायचे. पिढ्यानपिढ्या लातुरात राहिलेलं मुसलमान कुटुंब, आजोबा निजामाच्या काळापासून घड्याळजी. दुकान एवढंसं की गिऱ्हाईक रस्त्यावर आणि घड्याळवाले आत. डोळ्याला भिंग लावलेलं, आणि ओठात कायम कुठला तरी शेर. आसपास कुठंही मुशायरा असो, नांदेडला असो की उदगीरला, हे पहिल्या रांगेत. मुलगी मला त्यांनीच आणून दिली होती, आठ वर्षांची असताना. "बाई, गळा हाय का न्हाई ते बगा. न्हाई म्हणलं तरी राग न्हाई." गळा होता. असा होता की पहिल्या दिवशी मी पेटीवरचे हात काढून घेतले.

आता ती दहावीला होती. आणि दुर्दैव असं की अभ्यासातही हुशार होती. बिनडोक असती तर माझी राहिली असती.

मॅडमना ती पहिल्या तासाला सापडली. फ्रेंचमधला र घशातून येतो, म्हणे. बाकीच्या मुली तो काढायला गेल्या तर कुणाला ठसका लागला, कुणाला हसू आलं, आणि मी स्वतः काढायला गेले तर मॅडमनी माझ्यासाठी पाणी मागवलं. घड्याळवाल्यांच्या मुलीनं तो सहज काढला. उर्दूत तसं एक अक्षर आहे, लहानपणापासून घोटलेलं. नाकातले स्वरही तिला अवघड गेले नाहीत. मॅडमनी डोळे मिटून घेतले. मला अभिमान वाटला, आणि जळलंही. आठ वर्षं मी घासलेला गळा आणि डोळे मिटणार दुसरीच कुणी. आपला तो बाब्या असतोच, पण त्याला दुसऱ्यानं बाब्या म्हटलेलं आपल्याला खपत नाही.

आमचं भांडण झालं ते एका ओळीवरून. गाणं एका बागेचं होतं. त्यात मधली एक ओळ वरून सावकाश खाली उतरत यायची. मॅडमनी शिकवली तशी ती मुलगी गायची. मग माझ्या तीन दिवसांत मी म्हणायची, "काल गायलीस तशीच आज कशाला? जरा फिरून ये की." आणि ती फिरून यायची. एकदा मधल्या स्वरावर थोडं थांबून, एकदा हलक्या मुरकीनं. मॅडमच्या दिवशी तेच निघालं की मॅडम वही पुढं करायच्या आणि कागदावर बोट ठेवायच्या. इथे एवढंच लिहिलंय. शेवटी त्या मला म्हणाल्या, "हे गाणं आपलं नाही. ज्यानं लिहिलं त्याचं आहे. आपण फक्त पोचवायचं." मी म्हटलं, "आमच्याकडं पोस्टमन वेगळा आणि गवई वेगळा." माझ्या मोडक्या इंग्रजीत ते पुरेसं टोचलं नसावं, कारण त्या मनापासून हसल्या. मग आमचं ठरलं. कार्यक्रमात कागदावर आहे तसंच गायचं. मी कबूल झाले, कारण माझा डाव वेगळा होता.

डाव असा की दहावीची परीक्षा संपली की लगेच कार्यक्रम ठेवायचा आणि घड्याळवाल्यांना पहिल्या रांगेत बसवायचं. रसिक माणूस. परदेशी बाई साथीला, पोरीच्या तोंडी परकी भाषा, समोर साहेब लोक टाळ्या वाजवतायत. हे बघून ज्याला दोन वर्षं गाणं बंद करवेल असा बाप मला तरी माहीत नव्हता. मुलीला मी यातलं काही बोलले नाही. ती तशीही कमी बोलणारी. परीक्षा संपल्यावर ती रोज सकाळ-संध्याकाळ यायला लागली, बोलावलं नाही तरी. मला वाटलं, पोरगी माझ्या बाजूची आहे.

वाद्याचा प्रश्न नांदेडनं सोडवला. तिथल्या लग्नाच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवणारा माझा एक मावसभाऊ होता. त्याचा कीबोर्ड मी एसटीनं मांडीवर घेऊन आले. कंडक्टरनं त्याचंही अर्धं तिकीट फाडलं. कीबोर्डला एक बटण असं होतं की ते दाबलं की वरातीचा ठेका सुरू व्हायचा, आणि ते नेमकं मॅडमच्या करंगळीखाली यायचं. तालमीत बागेच्या गाण्यात दोनदा वरात घुसली. मॅडमनी बटणावर चिकटपट्टी लावली, वरून मी हळदीकुंकवाचं बोट टेकवलं. नव्या वस्तूला लावतातच.

कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी झाला. पुढं मॅडमच्या यजमानांच्या ऑफिसातले पाच-सहा गोरे साहेब, मग मुलींच्या आया, मग शेजारीपाजारी. एक केमिस्ट्रीचे सरही आले होते. मला वाटलं गाणं ऐकायला आले, पण ते आयांना हँडबिलं वाटत होते. घड्याळवाले इस्त्रीची शेरवानी घालून आणि बरोबर मुशायऱ्याचे तिघं दोस्त घेऊन आले. त्यांना मी स्वतः नेऊन पहिल्या रांगेत बसवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं.

पहिल्या दोन मुली बऱ्या गायल्या. गाणाऱ्या गप्प झाल्या की लोक टाळ्या वाजवायचे आणि मॅडमचं मागचं वाजवणं टाळ्यांत बुडून जायचं. दोनदा असं झाल्यावर मॅडमनी माझ्याकडं बघून खांदे उडवले. मग घड्याळवाल्यांची मुलगी उभी राहिली. पांढरा सलवार-कमीज, हात सरळ बाजूला, मॅडमनी शिकवलं तशी. तिनं सुरू केलं आणि हॉलमधले पंखेसुद्धा जरा हळू फिरतायत असं मला वाटलं. ती ओळ आली, वरून सावकाश उतरत. कागदावर आहे तशी, एक कण इकडं नाही की तिकडं नाही.

आणि पहिल्या रांगेतून हात वर झाला. "मुकर्रर!"

मुशायऱ्यात शेर आवडला की तो पुन्हा मागतात, त्याची ही हाक. मराठवाड्यात पोरासोरांना ठाऊक असते. पण मॅडमना ती कशी ठाऊक असणार? त्यांची बोटं पुढं निघून गेली होती. मुलगी थांबली. तिनं वडिलांकडं बघितलं, आणि पुढं जायच्या ऐवजी मागं फिरून तीच ओळ पुन्हा घेतली. मॅडमचे हात हवेत राहिले. ओळ संपते न संपते तोच, "क्या बात हय, मुकर्रर!" आता ते तिघं दोस्तही सामील झाले. मुलगी पुन्हा मागं. या वेळी मधल्या स्वरावर जरा टेकली, मी शिकवलं होतं तशी. बघते तर मॅडमनी कागदावरची नजर काढून मुलीकडं लावलेली, आणि एका हातानं, अर्धं पाऊल मागं राहून, तिच्यामागून चालतायत. आपल्या पेटीसारख्या. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. पाचव्या वेळी ती अशी काही गायली की माझ्या अंगावर शहारा आला, आणि त्याच वेळी घड्याळवाल्यांचा गळा दाबावा असंही वाटलं. दोन-अडीच मिनिटांचं गाणं, पण किती वेळ चाललं कोण जाणे. साहेब लोक एकमेकांकडं बघत होते. शेवटी ती पुढं गेली, गाणं संपलं आणि मॅडमचं मागचं वाजवणं सुरू असताना ती उभी राहिली. नुसती उभी. तेवढ्या सगळ्यांत एकटी तिलाच ते जमलं.

मी घड्याळवाल्यांना हॉलच्या पायऱ्यांवर गाठलं. माझं तोंड एकदा सुटलं की आवरत नाही. म्हटलं, "तुमच्या मुशायऱ्यात चालत असेल, चाचा, इथं न्हाई चालत. चार महिने पोरीनं घासलं आन् तुम्ही बाजार मांडला त्याचा. गाणं ऐकायची रीत असती." चार लोकांत बोलले. दोस्त खाली बघायला लागले. घड्याळवाल्यांनी टोपी नीट केली आणि म्हणाले, "गलती झाली, बाई. माफ करा." मुलगी बाजूलाच उभी होती. तिनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी पुढचं वाक्य गिळलं. पण का गिळलं ते मला तेव्हा कळलं नाही.

मॅडमची माफी मागायला गेले, तर त्या चिकटपट्टी सोडवत बसल्या होत्या. म्हणाल्या, "आमच्याकडं एक गाणं संपलं की लोक खोकतात. बावीस वर्षं मी लोकांचा खोकला ऐकलाय. ओळ परत गा असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं." त्यांचे डोळे ओले होते. म्हणजे त्या बाईला राग आलाच नव्हता. तिच्या वतीनं सगळा राग मी एकटीनं केला होता.

दुसऱ्या दिवशी मुलगी आली नाही. संध्याकाळी जिन्यात चपला वाजल्या आणि घड्याळवाले वर आले. पेढे नव्हते, हात मोकळे. तडकलेल्या भिंतीपाशी बसले.

"बाई, पोरगी आता याची न्हाई. कोचिंग लागलं."

मी म्हटलं, "कधी?"

"आठ दिस झाले फारम भरून. तिला माहीत हाय. तीच म्हणली, बाईला कारेक्रम हूस्तर सांगू नका, त्येंचं मन लागणार न्हाई."

मग ते म्हणाले, "काल मी वरडलो, तुमाला राग आला. बरोबर हाय. पर बाई, मला ठावं व्हतं आन् तिला बी ठावं व्हतं. ते गाणं संपलं की संपलं. म्हणून मी मागत व्हतो आन् ती दीत व्हती."

महिनाभर मनात जुळवून ठेवलेली सगळी वाक्यं होती, त्यातलं एकच निघालं, "आठवड्यातून एक दिवस पाठवा. एकच."

"मी बी तेच म्हणलो तिला. ती म्हणली, नको अब्बा. एक दिस गेले तर बाकीचे सहा दिस त्याच दिसाकडं बघत बसंन." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "भूकंपात मी किल्लारीला चार दिस व्हतो, बाई. हातात माणसं गेली माझ्या. डाक्टर व्हता, न्हाई असं न्हाई. पर एक व्हता, आन् लोक लई. घरी येऊन मी तिला सांगितलं ते सगळं. सांगायला नको व्हतं, लहान व्हती. पर मग तिनंच धरलं ते, डाक्टर व्हायाचं."

म्हणजे लातूरच्या हवेनं ती गेली नव्हती. मी वर्षभर ज्याच्याशी लढत होते ते कोचिंग नव्हतंच, आणि ज्याला मी चार लोकांत बोलले तो माणूस माझ्याइतकाच तिच्या गाण्याला धरून बसला होता. मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही.

जायला उठल्यावर ते म्हणाले, "बाई, त्या वळीचा मतलब काय हाय?"

मॅडमनी सांगितलेला अर्थ माझ्या वहीत होता. मी बघून सांगितला, "माळी बागेचं फाटक लावून घरी गेला."

"बस? एवढंच?"

"एवढंच."

"आन् मी पाच डाव मागितली!" ते मोठ्यानं हसले. मीही हसले. जिना उतरून गेल्यावरसुद्धा खालून त्यांचं हसणं ऐकू येत होतं, आणि मग ते ऐकू यायचं बंद झालं.

पावसाळ्यानंतर मॅडम गेल्या. नवी गावं उभी राहत होती, यजमानांचं काम संपलं. माझा क्लास चालत राहिला, लहान मुलींवर. दहावीपर्यंत माझी, पुढं सरांची, असा अलिखित करारच झाला. मी पेढे खायला शिकले. घड्याळवाल्यांची मुलगी डॉक्टर झाली, नांदेडला असते असं कानावर आलं. माझ्या रागाचं म्हणाल तर तो गेला नाही, पण आता तो कुणा एकावर राहिला नाही.

दहा-अकरा वर्षांनी मी त्यांच्या दुकानात गेले. माझ्या मुलीसाठी घड्याळ घ्यायचं होतं. कोचिंगच्या टेस्टला भिंतीवरचं घड्याळ दिसत नाही अशी तिची तक्रार होती. गोलाईत आता इतके फोटो लागले होते की दुकान शोधावं लागलं. घड्याळवाले पार पिकले होते, पण भिंग डोळ्याला तसंच. मुलीचं मनगट केवढं ते मी बोटानं दाखवलं. ते पट्ट्याला भोक पाडायला लागले.

"तुमची पोरगी गात आसंल," ते म्हणाले. "तुमचीच हाय म्हणल्यावर."

"गायची की. चांगली गायची," मी म्हटलं. "आता अकरावीला आहे ना. दोन वर्षांचाच प्रश्न आहे."

हे माझ्याच तोंडून निघालं. त्यांनी वर बघितलं नाही. सरळ स्वभावाचा माणूस, टोचायचं त्यांच्या मनातही नसणार. सहज विचारावं तसं विचारलं, "शेवटचं काय गायली?"

मी सांगायला तोंड उघडलं. ती रोज गायची, स्वयंपाकघरात, गच्चीवर, क्लासमध्ये माझ्या समोर बसून. परीक्षा झाली, व्हेकेशन बॅच लागली, मी तिची वह्यांची पिशवी भरली. त्याच्या आधी एक शेवटचा दिवस असणारच. त्या दिवशी ती काहीतरी गायली असणार, आणि मी तिथं असणार, बहुतेक पेटी माझ्याच हातात असणार. मला आठवेना. घड्याळवाल्यांनी पट्टा लावला, काच पुसली, घड्याळ कानाशी धरून बघितलं, आणि तेवढा सगळा वेळ ते उत्तराची वाट बघत होते.

घरी आले तेव्हा ती टेस्ट देऊन दमून झोपली होती. उशाशी फिजिक्सची वही. तिला उठवावं आणि विचारावं असं फार वाटलं. उठवलं नाही. तिलाही आठवत नसलं तर काय करायचं, याची मला भीती वाटली.